जँगोच्या क्लास-बेस्ड व्ह्यूपर्यंत माहिती पोहोचते कशी?

लिंकच्या शेवटी असलेला एक आकडा सर्व्हरवर कोणाकोणाच्या हातांतून जातो, आणि त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला तर काय होऊ शकते?

व्हॉट्सॲपवर एखादी लिंक येते, त्यावर बोट टेकवले की पान उघडते. अशा लिंकच्या शेवटी पुष्कळदा एक आकडा असतो. समजा, एखाद्या वाचनालयाच्या वेबसाइटवरील पुस्तकाचा पत्ता 'पुस्तके/३७/' असा आहे. वाचनालयात हजारो पुस्तके असली तरी प्रत्येक पुस्तकासाठी कोणी वेगळे पान लिहून ठेवलेले नसते. पान एकच असते, आकडा बदलला की त्यातला मजकूर बदलतो. म्हणजे पत्त्यातला ३७ हा आकडा सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचवावा लागतो. प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या अशा माहितीला 'आर्ग्युमेंट' म्हणतात. जँगो या फ्रेमवर्कमध्ये हे आर्ग्युमेंट क्लास-बेस्ड व्ह्यूपर्यंत कसे पोहोचते, हे या लेखात पाहू.

एक खुलासा आधीच केलेला बरा. लेखातील कोडची नावे वाचायला सोपी जावीत म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोड लिहिताना ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

जँगो म्हणजे काय?

जँगो हे पायथॉन भाषेत लिहिलेले वेब फ्रेमवर्क आहे. वेबसाइट बनवताना पुन्हा पुन्हा लागणारी कामे, म्हणजे पत्ता ओळखणे, डेटाबेसशी बोलणे, फॉर्म तपासणे, लॉगिन सांभाळणे, ही त्यात तयार मिळतात. त्याचा जन्म २००३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहरात झाला. 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्रात काम करणाऱ्या एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी त्याची सुरुवात केली. बातमीच्या घाईत, ठरलेल्या वेळेत वेबसाइट उभी करण्याची त्यांना गरज होती. जुलै २००५ मध्ये जँगो सर्वांसाठी खुले झाले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. रोमन स्पेलिंगमधले पहिले अक्षर 'डी' असले तरी त्याचा उच्चार करत नाहीत.

सोशल मीडिया वापरणाऱ्यांचा जँगोशी थेट संबंध आहे. इन्स्टाग्रामची सर्व्हर बाजू जँगोवरच उभी राहिली.

व्ह्यू: फंक्शन आणि क्लास

जँगोमध्ये 'व्ह्यू' म्हणजे आलेली विनंती घेऊन उत्तर परत देणारा कोड. विनंतीला 'रिक्वेस्ट' आणि उत्तराला 'रिस्पॉन्स' म्हणतात. व्ह्यू दोन प्रकारे लिहिता येतो.

पहिला प्रकार साध्या फंक्शनचा. फंक्शनला पहिले आर्ग्युमेंट म्हणून रिक्वेस्ट मिळते आणि त्यामागोमाग पत्त्यातले तुकडे मिळतात. ३७ हा आकडा थेट फंक्शनच्या कंसात येतो. यात लपलेले काहीच नाही.

दुसरा प्रकार क्लासचा. मार्च २०११ मध्ये आलेल्या जँगो १.३ या आवृत्तीत क्लास-बेस्ड व्ह्यू आले. यादी दाखवणे, एका नोंदीचा तपशील दाखवणे, नवी नोंद करणे, जुनी दुरुस्त करणे ही कामे बहुतेक वेबसाइटवर सारखीच असतात. ती एकदा क्लासमध्ये लिहून ठेवायची आणि प्रत्येक ठिकाणी फक्त वेगळा भाग बदलायचा, ही त्यामागची कल्पना. कोड कमी लिहावा लागतो, हा फायदा. पण माहिती कुठून कुठे जाते ते डोळ्यांसमोर दिसत नाही, हा तोटा. नव्याने शिकणाऱ्यांचा गोंधळ होतो तो इथेच.

ॲज_व्ह्यू कशाला लागते?

जँगोमध्ये कोणत्या पत्त्यावर कोणता व्ह्यू चालवायचा याची एक यादी असते. त्या यादीतली ओळ साधारण अशी दिसते:

पाथ('पुस्तके/<इंट:क्रमांक>/', पुस्तकव्ह्यू.ॲज_व्ह्यू())

यादी वाचणाऱ्या जँगोच्या भागाला एकच गोष्ट कळते: रिक्वेस्ट दिली की रिस्पॉन्स परत देणारे फंक्शन. क्लास तसा वागत नाही. क्लासला हाक मारली की त्याचा एक नवा ऑब्जेक्ट मिळतो, पान मिळत नाही. म्हणून मधे एक दुवा लागतो आणि तो दुवा म्हणजे ॲज_व्ह्यू. ते क्लासवर चालते आणि जँगोला हवे तसे एक फंक्शन तयार करून देते.

यात वेळेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. पत्त्यांची यादी सर्व्हरमध्ये लोड होते तेव्हा ॲज_व्ह्यू एकदाच चालते. त्याने तयार करून दिलेले फंक्शन मात्र प्रत्येक विनंतीला नव्याने चालते. पुढे दिसणाऱ्या बऱ्याच गुंतागुंतीचे मूळ या फरकात आहे.

ओपीडीतला केसपेपर

सरकारी दवाखान्यातली ओपीडी डोळ्यांसमोर आणली तर ही सगळी साखळी पटकन समजते. खिडकीवर प्रत्येक रुग्णाला नवा केसपेपर मिळतो. त्यावर रुग्णाचे नाव, वय लिहिले जाते. मग त्याला योग्य खोलीत पाठवतात आणि तिथले डॉक्टर केसपेपर वाचून उपचार करतात. क्लास-बेस्ड व्ह्यूमध्येही याच क्रमाने चार गोष्टी घडतात.

१. नवा केसपेपर: विनंती आली की ॲज_व्ह्यूने दिलेले फंक्शन क्लासचा एक नवा ऑब्जेक्ट बनवते. प्रत्येक विनंतीसाठी वेगळा. त्यामुळे एकाच क्षणी शंभर जणांनी पान उघडले तरी एकाची माहिती दुसऱ्याच्या ऑब्जेक्टवर लिहिली जात नाही.

२. नोंद: 'सेटअप' ही मेथड चालते. ती तीन गोष्टी ऑब्जेक्टवर लिहून ठेवते: सेल्फ.रिक्वेस्ट, सेल्फ.आर्ग्ज आणि सेल्फ.क्वार्ग्ज. ही मेथड जँगोच्या २.२ या आवृत्तीत, एप्रिल २०१९ मध्ये वेगळी काढण्यात आली.

३. खोली ठरवणे: 'डिस्पॅच' ही मेथड विनंतीचा प्रकार पाहते. पान नुसते पाहायचे असेल तर प्रकार गेट असतो, फॉर्म भरून पाठवला असेल तर बहुधा पोस्ट असतो. त्या प्रकाराच्या नावाची मेथड क्लासमध्ये असेल तर डिस्पॅच तिला बोलावते. नसेल तर ४०५ क्रमांकाचे उत्तर जाते, म्हणजे 'या पत्त्यावर ही पद्धत चालत नाही'.

४. उपचार: गेट किंवा पोस्ट मेथड चालते आणि रिस्पॉन्स परत जातो.

आर्ग्ज आणि क्वार्ग्ज ही पायथॉनमधली नेहमीची नावे आहेत. आर्ग्जमध्ये नुसत्या किमती क्रमाने येतात, क्वार्ग्जमध्ये प्रत्येक किमतीला नाव असते. वरच्या उदाहरणात 'पुस्तके/३७/' उघडले की सेल्फ.क्वार्ग्जमध्ये 'क्रमांक' या नावापुढे ३७ लिहिलेले असते. क्लासमधली कोणतीही मेथड ते तिथून वाचू शकते. क्लास वापरण्याचा मोठा फायदा हाच. फंक्शनमध्ये आकडा एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात द्यावा लागतो. इथे तो केसपेपरवर असतो, ज्याला हवा त्याने पाहावा.

माहिती येण्याच्या चार वाटा

पहिली वाट पत्त्याची. पत्त्यात कोनी कंसांत जे लिहिले असेल तो भाग वेगळा काढून त्या नावाने क्वार्ग्जमध्ये येतो. प्रत्येक वाचकागणिक, प्रत्येक पुस्तकागणिक बदलणारी ही माहिती आहे.

दुसरी वाट पाथच्या तिसऱ्या जागेची. पाथमध्ये पत्ता आणि व्ह्यू यांच्यानंतर एक डिक्शनरी देता येते. त्यातली माहितीही क्वार्ग्जमध्येच येते. एकच नाव पत्त्यातही असेल आणि या डिक्शनरीतही असेल, तर डिक्शनरीतली किंमत धरली जाते आणि पत्त्यातली बाजूला पडते. हा नियम माहीत नसेल तर 'पत्त्यात ३७ आहे, मग व्ह्यूला १ का दिसतो' हे शोधण्यात अख्खी दुपार जाऊ शकते.

तिसरी वाट ॲज_व्ह्यूच्या कंसाची. तिथे टेम्प्लेटचे नाव किंवा एका पानावर किती नोंदी दाखवायच्या अशा गोष्टी देता येतात. केसपेपरवर दवाखान्याचे नाव आधीच छापलेले असते, तशी ही माहिती. ती सर्व रुग्णांसाठी सारखीच असते, हाताने लिहावी लागत नाही. मात्र ती क्वार्ग्जमध्ये जात नाही, ऑब्जेक्टची ॲट्रिब्यूट बनते. म्हणजे ॲज_व्ह्यूच्या कंसात 'शीर्षक' दिले तर ते सेल्फ.शीर्षक म्हणून मिळेल. सेल्फ.क्वार्ग्जमध्ये ते शोधत बसले तर सापडणार नाही.

या वाटेवर जँगोने दोन पहारेकरी बसवले आहेत. ज्या नावाची ॲट्रिब्यूट क्लासवर आधीपासून नाही ते नाव ॲज_व्ह्यूच्या कंसात दिले तर टाइपएरर येतो. स्पेलिंगची चूक त्यामुळे वेबसाइट सुरू होतानाच सापडते. तसेच गेट, पोस्ट अशी विनंतीच्या प्रकारांची नावे तिथे देता येत नाहीत, कारण त्या नावाच्या मेथड झाकल्या जातील.

चौथी वाट प्रश्नचिन्हानंतरची. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन 'पेज=२' असे लिहिलेले पुष्कळांनी पाहिले असेल. पत्ता जुळवताना जँगो हा भाग पाहतच नाही. त्यामुळे तो क्वार्ग्जमध्ये येत नाही, सेल्फ.रिक्वेस्ट.गेट मधून वाचावा लागतो. (हे 'गेट' रोमनमध्ये सगळे मोठ्या अक्षरांत लिहितात.) तिथली प्रत्येक किंमत अक्षरांच्या रूपात असते. २ हा आकडा म्हणून हवा असेल तर तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. यादी दाखवणारा तयार लिस्टव्ह्यू पानाचा क्रमांक आधी क्वार्ग्जमध्ये शोधतो, तिथे नसेल तर प्रश्नचिन्हानंतरच्या भागात पाहतो आणि तिथेही नसेल तर पहिले पान दाखवतो.

पत्ता आणि मराठी अक्षरे

पत्त्यातल्या '<इंट:क्रमांक>' मध्ये 'इंट' हा कन्व्हर्टर आहे. जँगोत असे पाच कन्व्हर्टर तयार मिळतात: स्ट्र, इंट, स्लग, यूयूआयडी आणि पाथ. कन्व्हर्टर दोन कामे करतो. पत्त्यातला तो भाग योग्य प्रकारचा आहे का ते पाहतो आणि असेल तर त्याचे रूपांतर करून देतो. 'इंट' असल्यामुळे ३७ हा आकडा म्हणून मिळतो, अक्षरे म्हणून नाही. पत्त्यात आकड्याऐवजी 'कखग' लिहिले तर ही ओळ जुळतच नाही. दुसरीही कोणती ओळ जुळली नाही तर ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही' असे उत्तर जाते. व्ह्यूपर्यंत चुकीची माहिती पोहोचतच नाही.

मराठी वेबसाइट बनवणाऱ्यांनी इथे थोडे सावध राहायला हवे. 'इंट' कन्व्हर्टर फक्त रोमन लिपीबरोबर वापरले जाणारे शून्य ते नऊ हे अंक ओळखतो. कोणी पत्त्यात खरोखरच देवनागरी '३७' टाइप केले तर ते जुळणार नाही. गंमत म्हणजे पायथॉनला स्वतःला देवनागरी अंक कळतात. '३७' ही अक्षरे आकड्यात बदलायला सांगितली तर तो बिनतक्रार बदलून देतो. अडवणूक होते ती कन्व्हर्टरच्या दारात. देवनागरी अंकही चालवायचे असतील तर स्वतःचा कन्व्हर्टर लिहून त्याची नोंद करता येते.

'स्लग' कन्व्हर्टरचेही तसेच. तो रोमन अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि अंडरस्कोअर एवढेच स्वीकारतो. मराठी शीर्षक पत्त्यात ठेवायचे असेल तर 'स्ट्र' कन्व्हर्टर वापरावा. तिरकी रेघ सोडून तो काहीही घेतो. शीर्षकापासून पत्ता बनवणारे जँगोचे 'स्लगिफाय' हे फंक्शन मराठीसाठी वापरताना तर जास्तच जपावे लागते. युनिकोड चालू दे असे सांगितले तरी ते काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताचे चिन्ह अक्षर म्हणून धरत नाही आणि काढून टाकते. 'पुस्तक' चे 'पसतक' होते. मराठी मजकुराच्या वेबसाइटवर शीर्षकाऐवजी क्रमांकाचा पत्ता वापरणे किंवा पत्ता बनवण्याचे स्वतःचे फंक्शन लिहिणे बरे पडते.

तयार व्ह्यू कोणती नावे शोधतात?

एका नोंदीचा तपशील दाखवण्यासाठी जँगोमध्ये डिटेलव्ह्यू तयार मिळतो. क्लासमध्ये फक्त मॉडेलचे नाव लिहिले की काम होते. मग त्याला कुठले पुस्तक दाखवायचे हे कळते कसे?

तो सेल्फ.क्वार्ग्जमध्ये 'पीके' हे नाव शोधतो. पीके म्हणजे प्रायमरी की, डेटाबेसमधल्या नोंदीचा स्वतःचा क्रमांक. ते नाव नसेल तर 'स्लग' शोधतो. दोन्ही नसतील तर एरर देतो. म्हणजे पत्त्यात 'पीके' ऐवजी 'क्रमांक' असे नाव ठेवले तर आकडा पोहोचतो, पण डिटेलव्ह्यूला तो ओळखू येत नाही. उपाय दोन आहेत. पत्त्यातले नाव बदलून 'पीके' करावे, किंवा क्लासमध्ये 'पीके_यूआरएल_क्वार्ग' या ॲट्रिब्यूटमध्ये आपण ठेवलेले नाव सांगावे.

टेम्प्लेटव्ह्यूची रीत याहून सोपी आहे. पत्त्यातून आलेली नावे तो तशीच टेम्प्लेटला देतो. जँगोच्या या तयार व्ह्यूंत टेम्प्लेटला 'व्ह्यू' नावाने खुद्द ऑब्जेक्टही मिळतो. त्यामुळे टेम्प्लेटमध्ये व्ह्यू.क्वार्ग्ज असे लिहूनही पत्त्यातली माहिती वाचता येते.

एका प्रकाशकाची सर्व पुस्तके दाखवायची असतील तर लिस्टव्ह्यू घेऊन त्याची 'गेट_क्वेरीसेट' ही मेथड नव्याने लिहितात. तिला वेगळे आर्ग्युमेंट मिळत नाही आणि त्याची गरजही नसते. प्रकाशकाचे नाव सेल्फ.क्वार्ग्जमधून घ्यायचे आणि त्यानुसार पुस्तके गाळून परत द्यायची.

नेहमी भेटणारे एरर

'अनपेक्षित कीवर्ड आर्ग्युमेंट मिळाले' असा टाइपएरर. पत्त्यातले तुकडे फक्त सेल्फ.क्वार्ग्जमध्ये लिहून थांबत नाहीत, डिस्पॅच ते गेट मेथडच्या कंसातही पाठवते. गेट स्वतः लिहिली आणि तिच्या कंसात फक्त सेल्फ आणि रिक्वेस्ट ठेवले, तर आलेल्या क्रमांकाला जागाच उरत नाही. कंसात त्याचे नाव लिहावे किंवा शेवटी आर्ग्ज आणि क्वार्ग्ज ठेवावेत.

ॲज_व्ह्यू लिहायला विसरणे. यादीत नुसते क्लासचे नाव लिहिले तरी, विशेषतः जँगोच्या जुन्या आवृत्त्यांत, वेबसाइट सुरू होऊ शकते, कारण क्लासलाही फंक्शनसारखी हाक मारता येते. पान उघडायला गेल्यावर मात्र टाइपएरर येतो. वेबसाइट सुरू झाली म्हणजे सगळे ठीक आहे असे समजू नये, ते यासाठी.

इनिटमध्ये रिक्वेस्ट शोधणे. ऑब्जेक्ट बनवताना चालणाऱ्या 'इनिट' मेथडमध्ये सेल्फ.रिक्वेस्ट अजून आलेली नसते. कोरा केसपेपर नुकताच हातात घेतलेला असतो, नाव लिहायचे असते. विनंती पाहून काही तयारी करायची असेल तर ती सेटअपमध्ये करावी आणि तिथे मूळ सेटअपला सुपरने बोलवायला विसरू नये.

सेल्फ.क्वार्ग्ज बदलणे. सेटअपला आणि डिस्पॅचला पत्त्यातली माहिती स्वतंत्रपणे दिली जाते. सेटअपमध्ये सेल्फ.क्वार्ग्जमधला आकडा बदलला तर गेट मेथडच्या कंसात जुनाच आकडा येतो. मग एकाच क्लासमधल्या दोन मेथड दोन वेगळी पुस्तके उघडू शकतात. म्हणून क्वार्ग्जला हात न लावता वेगळ्या नावाची ॲट्रिब्यूट करावी.

सामायिक यादी. ॲज_व्ह्यूच्या कंसात किंवा थेट क्लासवर लिस्ट ठेवली तर ती एकच लिस्ट सर्व विनंत्यांना मिळते, कारण ती एकदाच तयार होते. ऑब्जेक्ट नवा असला तरी त्यावर लावलेली लिस्ट जुनीच असते. व्ह्यूने त्यात एका वाचकाचे काही जोडले तर ते पुढच्या वाचकालाही दिसू शकते. सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत ते तिथेच राहते. प्रत्येक विनंतीसाठी वेगळी हवी असलेली लिस्ट सेटअपमध्ये नव्याने बनवावी.

आकडा बदलला तर?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. वाचनालयाच्या सभासदाला त्याची पावती 'पावती/५२१/' या पत्त्यावर दिसते. त्याने सहज म्हणून ५२१ चे ५२२ केले तर काय होईल?

पत्ता जुळेल. ५२२ हा आकडा क्वार्ग्जमध्ये येईल. डिटेलव्ह्यू त्या क्रमांकाची पावती शोधेल आणि दाखवेल. ती पावती दुसऱ्याच सभासदाची असेल, त्याच्या नाव-पत्त्यासकट. इथे कुठलाही एरर येत नाही, कारण जँगोने सांगितलेले काम चोख केले आहे. कोणाची पावती कोणाला दाखवायची, हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते.

वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत 'प्रवेशावरील नियंत्रणातील त्रुटी' हा धोका पहिल्या क्रमांकावर होता. २०१७ च्या यादीत तो पाचवा होता. आकडा बदलून दुसऱ्याची कागदपत्रे पाहता येणे हा त्याचाच एक प्रकार. त्यासाठी हॅकिंग यावे लागत नाही, पत्त्याच्या पट्टीत एक अंक खोडता आला की पुरे.

लॉगिनची सक्ती केली म्हणजे भागले असे अनेकांना वाटते. त्यासाठी 'लॉगिनरिक्वायर्डमिक्सिन' तयार मिळते आणि क्लासच्या कंसात ते सर्वांत आधी लिहायचे असते. पण ते एवढेच पाहते की आलेली व्यक्ती लॉगिन केलेली आहे की नाही. दुसरा सभासदही लॉगिन केलेलाच असतो.

खरा उपाय सोपा आहे. गेट_क्वेरीसेट मेथडमध्ये फक्त सेल्फ.रिक्वेस्ट.यूजरच्या पावत्या गाळून परत द्यायच्या. डिटेलव्ह्यू त्या गाळलेल्या पावत्यांतच ५२२ शोधतो. ती त्या सभासदाची नसेल तर सापडत नाही आणि ४०४ जाते. त्या क्रमांकाची पावती अस्तित्वात आहे की नाही, हेही बाहेर कळत नाही. नोंद दुरुस्त करणारा अपडेटव्ह्यू आणि खोडणारा डिलीटव्ह्यू यांचीही शोधायची पद्धत हीच असल्याने तीच मेथड तिथेही कामी येते. तिथे तर ती जास्तच हवी, कारण पाहण्यापेक्षा खोडण्याने होणारे नुकसान मोठे.

ओळीने येणाऱ्या क्रमांकाऐवजी यूयूआयडी हा लांबलचक संकेत वापरला तर पुढचा आकडा ओळखता येत नाही. ही चांगली भर आहे, पण तपासणीची जागा ती घेऊ शकत नाही. लिंक फॉरवर्ड झाली की संकेतही फॉरवर्ड होतो.

आणखी एक बारकावा. लॉगिनची तपासणी डिस्पॅचमध्ये होते आणि सेटअप त्याआधी चालते. त्यामुळे डेटाबेसमध्ये काही बदल करणारा किंवा गुप्त माहिती हाताळणारा कोड सेटअपमध्ये ठेवू नये. तिथवर आलेल्याची ओळख अजून पटलेली नसते.

कोणती माहिती कुठून द्यावी?

कोणती नोंद दाखवायची हे ठरवणारी माहिती पत्त्यात असावी आणि व्ह्यूने ती सेल्फ.क्वार्ग्जमधून घ्यावी. पत्त्याच्या एखाद्याच ओळीसाठी क्वार्ग्जमध्ये ठरावीक किंमत हवी असेल तर पाथमधली डिक्शनरी वापरावी. टेम्प्लेटचे नाव, पानावरच्या नोंदींची संख्या अशी मांडणी ॲज_व्ह्यूच्या कंसात द्यावी. शोध, क्रम लावणे, पानाचा क्रमांक अशा ऐच्छिक गोष्टी प्रश्नचिन्हानंतर याव्यात. आणि विनंती कोणी केली, हे कधीही पत्त्यातून घेऊ नये. ते सेल्फ.रिक्वेस्ट.यूजरलाच विचारावे. पत्ता कोणीही टाइप करू शकतो.

सगळ्या कामांसाठी क्लासच वापरायला हवा असे नाही. जँगोमध्ये फंक्शनचे व्ह्यूही तितक्याच अधिकृतपणे चालतात. छोट्या, एकाच ठिकाणी लागणाऱ्या पानासाठी फंक्शन वाचायला सोपे जाते. एकसारखी अनेक पाने असली की क्लासचा फायदा दिसू लागतो. क्लास घेतलाच तर केसपेपरचा क्रम लक्षात ठेवावा: आधी नवा ऑब्जेक्ट, मग सेटअप, मग डिस्पॅच आणि शेवटी गेट किंवा पोस्ट. एखादी किंमत हवी तिथे मिळाली नाही, की या चार टप्प्यांपैकी ती कुठवर आली होती एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा चूक सापडते.